आधी पाणी द्यायला ये

सातारा

चि. सायली हीस,


सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळायचं ठरवलंस, वाचून फार आनंद झाला. नाव जरूर नोंदव, पण पुढच्या वर्षासाठी. यंदा आमच्याबरोबर यवतेश्वरच्या घाटात पाण्याच्या पॉइंटवर उभी राहा.

२०१२ पासून ही शर्यत होते आहे. गावातून बोगद्याकडे जायचं, घाट चढायचा, कासच्या रस्त्यावरून वळायचं आणि त्याच वाटेनं खाली यायचं. एकवीस किलोमीटरचा हा रस्ता आपल्याला किती पेलेल, ते घाटात उभं राहिल्यावर जेवढं कळतं तेवढं कुठल्या तक्त्यावरून कळत नाही.

पॉइंटवरचं काम शिकून घ्यावं लागतं. ग्लास अर्धाच भरायचा. वरची कड मोकळी ठेवून तळाशी धरायचा, हात लांब करायचा आणि पळणाऱ्याबरोबर दोन पावलं जायचं, म्हणजे पाणी न सांडता त्याच्या हातात पडतं. साधं पाणी कुठलं आणि इलेक्ट्रॉलचं कुठलं, ते ओरडून सांगायचं. रिकामे ग्लास लगेच उचलायचे. उतारावरून परतणाऱ्याचा पाय त्यावरून सटकतो.

राजवाड्यापाशी सपाटीवर सुसाट सुटलेले बरेच जण घाटात कमरेवर हात ठेवून चालताना दिसतील आणि गप्पा मारत येणारा गट त्यांना मागे टाकून जाईल. तुझा वेगही तेवढाच ठेव, पळताना अख्खं वाक्य बोलता आलं पाहिजे. सगळे चढाचा धसका घेतात, पण मांड्या धरतात त्या उतारानं. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलतो. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. पुण्यात वेताळ टेकडी चढतेस, तशी लहान पावलांनी पळत उतरायचाही सराव कर. आणि तहानेपेक्षा जास्त पाणी पिऊ नकोस. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम घटतं, ते जिवावरही बेतू शकतं.

गर्दी ओसरली म्हणून टेबल आवरायला घेऊ नकोस. पुढचे धावपटू तुझ्याकडे बघणारही नाहीत, त्यांचा डोळा घड्याळावर. शेवटचे मात्र थांबतात, 'अजून किती राहिलं?' म्हणून विचारतात. त्यांच्यामागे ॲम्ब्युलन्स असते, कट-ऑफची वेळ जवळ आलेली असते. त्यांना खरं अंतर सांग, उगाच 'आलंच' म्हणू नकोस. शेवटच्या माणसाला पाणी उरत नसेल, तर त्या शर्यतीला मी गावाची शर्यत म्हणणार नाही, मग बक्षिसं कितीही मोठी असोत.

दादालाही माझा निरोप दे. सायकल बाहेर काढायला सांग. पुण्यात बीआरएम, म्हणजे लांब पल्ल्याच्या सायकल राइड, होतात. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे. पहिला-दुसरा नंबर काढतच नाहीत. त्याच्या स्वभावाला ते मानवेल. वहिनींना पाच-दहा किलोमीटर चालण्याच्या गटात घालू, त्या कुणाशी तरी बोलत अंतर सहज कापतील.

आदल्या दिवशी दुपारीच ये, संध्याकाळी ग्लास आणि पाण्याचे जार वर न्यायचे आहेत. पहाटे अंधारातच निघावं लागेल. घाटात पाऊस लागतो, तेव्हा रेनकोट आण आणि पकड चांगली असलेले जुने बूट घालून ये.

तुझा,
काका