ऊन, पाऊस आणि आच्छादन

बंगळूरच्या आग्नेय भागातील सर्जापूर रोड समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तेथे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी कडक ऊन व सायंकाळी वादळी पाऊस, असे दोन्ही अनुभवास येतात. म्हणून आच्छादन निवडताना प्रथम हेतू निश्चित करावा. विणलेली हिरवी जाळी ऊन सौम्य करते, वारा खेळू देते. परंतु पाणी अडवीत नाही. ताडपत्री पाणी अडविते. मात्र ती सैल व सपाट बांधल्यास पाणी साचते. एका चौरस मीटरवर १० सेंटिमीटर पाणी साचले, तर १०० किलोग्रॅम भार पडतो आणि खांब कोसळून खालील माणसांच्या जिवावर बेतू शकते. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा टिकाऊ खरा. पण उन्हात तापून तो खाली उष्णता सोडतो. यास्तव पाण्यासाठी उतार व वाऱ्यासाठी भक्कम बांधणी ही दोन पथ्ये अनिवार्य होत.