कामाच्या ठिकाणचा कुत्रा

पेडणे तालुक्यातील तुये येथे औद्योगिक वसाहत आहे. कोणत्याही वसाहतीच्या वा कार्यालयाच्या आवारात डब्यातील उरलेल्या अन्नावर वाढलेला एखादा कुत्रा बहुधा आढळतो. रात्रपाळीच्या रखवालदारास त्याची सोबत वाटते, आणि ती खोटी नव्हे. परंतु जो सर्वांचा, तो कोणाचाच नसतो; त्यास लस टोचून घेण्याचे काम कोणाकडेच सोपविलेले नसते.

चालू यंत्राजवळ पायांत घोटाळणारा कुत्रा अपघातास कारण होतो, हे उघड आहे. तथापि अधिक मोठा धोका रेबीजचा. ओळखीचा कुत्रा खेळता खेळता दात लावतो. जखम किरकोळ दिसते, आणि कामगार तीवर हळद दाबून पुन्हा कामास लागतो. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. त्यापूर्वी मात्र तो टाळता येतो. जखम तत्काळ साबणाने व वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी शासकीय आरोग्य केंद्रात लस सुरू करावी. रक्त आले असल्यास लशीच्या जोडीस जखमेत प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही द्यावे लागते.

कुत्र्यांच्या सामूहिक लसीकरणाच्या बळावर २०२१ साली गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. पण पेडणे तालुका महाराष्ट्राच्या सीमेस लागून आहे, आणि कुत्र्यांना सीमा ठाऊक नसते. म्हणून ज्या आस्थापनेस कुत्रा ठेवावयाचाच असेल तिने एका कर्मचाऱ्यावर त्याची जबाबदारी लेखी सोपवावी, दरवर्षी लस टोचून दाखला दप्तरी ठेवावा, आणि यंत्रशाळेत व उपाहारगृहात त्यास येऊ देऊ नये.