फुलपाखराचं झाडही टिप

चि. मुक्ता,


रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगडावर फुलपाखरांचे फोटो काढायला जाणार आहेस, हे ताईकडून कळलं. भाद्रपदातला पाऊस ओसरला आहे, तेरडा आणि कुर्डू फुललेत. याहून चांगले दिवस वर्षात नाहीत. नवी लेन्स घेऊ का, असं विचारलं होतंस. घेऊ नकोस, आहे ती पुरे.

लवकर नीघ. सकाळच्या कोवळ्या उन्हात फुलपाखरं पंख पसरून अंग शेकत बसतात, तेव्हा ती जवळ येऊ देतात. ऊन चढलं की नुसती पळापळ. कॅमेरा पंखांना समांतर धर, नाहीतर एक पंख स्वच्छ येतो आणि दुसरा धूसर. आपली सावली फुलपाखरावर पडू देऊ नकोस. बाकी सगळं सरावाने येतं.

खरं सांगायचंय ते वेगळं. फुलपाखरू ज्या झाडाशी घुटमळतंय, ते झाड सोडून पुढे जाऊ नकोस. पायथ्याच्या रुईवर काळ्या-पांढऱ्या टोकांचं नारिंगी फुलपाखरू दिसेल, ते प्लेन टायगर. त्याची अळी रुईची पानं खाते, त्यातलं विष अंगात साठवते, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. डॅनेड एगफ्लाय या दुसऱ्या फुलपाखराच्या मादीने हुबेहूब तेच रूप घेतलंय. तिची अळी मात्र आपण भाजी करतो त्या घोळीवर वाढते. दोघांतला फरक मागच्या पंखावर आहे: प्लेन टायगरला मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात, एगफ्लायच्या मादीला वरच्या कडेशी एकच. म्हणजे मागचा पंख झाकला गेला, तर फोटो कितीही सुंदर असो, ओळख पटवणं अवघड. पंखांची वरची आणि खालची, दोन्ही बाजू मिळेपर्यंत थांब.

वनस्पतींचंही तेच. नुसत्या पिवळ्या फुलाच्या फोटोवरून जाणकारही नाव सांगायला कचरतात. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, देठ कसा, फळ धरलंय का, अख्खं झाड किती उंच, हे सगळं टिप. त्यासाठी फूल तोडू नकोस. कंदीलपुष्पासारखं दुर्मीळ काही सापडलं, तर नेमकी जागा कुणालाही जाहीर करू नकोस. लोक कंद उकरून नेतात, हे मला फार लागतं.

रुईची पानं वाकून खालच्या बाजूनेही बघ. एखादं पांढुरकं अंडं दिसेल, किंवा काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी. पान तोडू नकोस, चीक डोळ्यांत गेला तर इजा होते. घरी आल्यावर निवडक फोटो तारीख आणि गावाच्या नावासह 'बटरफ्लाइज ऑफ इंडिया' या संकेतस्थळाला पाठव, आणि अळीचा मिळाला तर आधी मला.

तुझा,
मामा