प्रौढांचे लसीकरण : संदेश कसा असावा? इतिहासाचा एक पाठ

लसीकरण म्हटले की आपल्यासमोर लहान मूल उभे राहते. मुलाच्या लसींच्या तारखा जपणारे आईवडील स्वतःच्या लसीची चौकशी मात्र क्वचितच करतात. धनुर्वातासारख्या रोगापासून बालपणीच्या लसीने मिळालेले संरक्षण काळानुसार कमी होते, म्हणून प्रौढपणीही मात्रा घ्यावी लागते. मुलाला कडेवर घेऊन दवाखान्यात नेता येते; प्रौढ व्यक्तीला मात्र पटवून द्यावे लागते. ते कसे पटवावे, याचे धडे महाराष्ट्राच्या इतिहासात आहेत.

1896 साली मुंबईत प्लेग पसरला आणि पुढे तो पुण्यात पोहोचला. 1897 च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला. पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांच्या कारकिर्दीत गोऱ्या सैनिकांकडून घरांची झडती सुरू झाली. रुग्णांना घरातून हलविण्यात आले, सामानसुमान जाळण्यात आले. उद्देश रोग आवरण्याचा असला तरी लोकांना धाक तेवढा दिसला. परिणामी रुग्ण लपविले जाऊ लागले आणि असंतोष वाढला. 22 जून 1897 रोजी रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. सक्तीने घरात शिरता येते, परंतु लोकांच्या मनात शिरता येत नाही, हा त्या वर्षाचा पहिला धडा.

त्याच वर्षी दुसरे चित्रही दिसले. पुण्याजवळ डॉ. यशवंतराव फुले यांच्या दवाखान्यात सावित्रीबाईंनी प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा केली आणि 10 मार्च 1897 रोजी त्याच रोगाने त्यांचे निधन झाले. आरोग्याची गोष्ट सांगणारी व्यक्ती आपल्या दुःखात सहभागी आहे, हे लोकांना तेथे दिसत होते. मुंबईत डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. तिसरे आगाखान यांनीही आपल्या अनुयायांची भीती जावी म्हणून सर्वांसमक्ष लस घेतली. आधी स्वतः घ्यावी आणि मग दुसऱ्याला सांगावे, हा दुसरा धडा.

तिसरा धडा अधिक कठीण आहे. 1902 साली पंजाबातील मलकोवाल गावी दूषित झालेल्या एका बाटलीतील लस टोचल्यामुळे 19 माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि 1907 साली ते दोषमुक्त झाले. पुढे मुंबईच्या त्या प्रयोगशाळेला त्यांचेच नाव मिळाले. अशी घटना दडपली तर अफवेला बळ मिळते. काय घडले, का घडले आणि ते पुन्हा घडू नये म्हणून कोणती काळजी घेतली जाते, हे स्पष्ट सांगितले तरच विश्वास टिकतो.

हे सारे जुने झाले, असे कोणी म्हणू नये. 2021 च्या फेब्रुवारीत अमरावती व अकोला जिल्ह्यांत कोरोनामुळे पुन्हा निर्बंध आले, ते आपण अनुभवले आहे. त्याच वर्षी अकोटच्या उत्तरेस असलेल्या मेळघाटात लसीविषयी भीती पसरली होती. ती दूर करण्यासाठी कोरकू भाषेतून समजावण्याचे प्रयत्न करावे लागले. ज्या भाषेत अफवा पसरते, त्याच भाषेत तिचे उत्तर पोहोचले पाहिजे.

आता एक उदाहरण घेऊ. ‘धनुर्वात प्रतिबंधक लस घेऊन राष्ट्रीय कर्तव्य पार पाडा’, असा फलक लावला तर सोयाबीन सोंगणारी बाई तो वाचून पुढे जाईल. तिला सांगायचे ते असे : ‘‘इळा लागला, काटा रुतला, तं जखम साबनानं धुवा अन् त्याच रोजी सरकारी दवाखान्यात जा. सुईनं दंड एक-दोन रोज दुखन, पन धनुर्वात टळन.’’ यात धोका तिच्या कामातला आहे, कृती नेमकी आहे, ठिकाण ठाऊक आहे आणि होणारा त्रास लपविलेला नाही. सोबत एवढेही सांगावे की धनुर्वाताचे जंतू माती आणि शेणात असतात; म्हणून विळा गंजलेला नव्हता, एवढ्यावर निर्धास्त राहू नये. आपण टी.टी. म्हणून ओळखतो त्या इंजेक्शनाऐवजी सरकारी लसीकरणात आता टी.डी. लस दिली जाते. तिच्यात घटसर्पापासूनचे संरक्षणही असते. शेवटची मात्रा कधी घेतली, हे डॉक्टरांना अवश्य सांगावे.

शंका विचारणाऱ्याला अडाणी म्हणू नये. प्रश्न विचारणे हा तर शिक्षणाचा आरंभ आहे. शंकेचे उत्तर ठाऊक नसेल तर अंदाजाने सांगण्यापेक्षा आशाताईंना अथवा डॉक्टरांना विचारून सांगावे.

या शाळेचे माजी विद्यार्थी आज ज्या ज्या गावी आहेत, तेथे त्यांच्या शब्दाला मान आहे. घरातील वृद्ध, शेतमजूर, सफाई कामगार यांना कोणती लस आवश्यक आहे, याची त्यांनी आरोग्य केंद्रात चौकशी करावी, प्रथम स्वतःची मात्रा पूर्ण करावी आणि मग शेजाऱ्याला सोबत घेऊन जावे. पालकांनीही मुलांच्या लसींच्या कार्डाशेजारी स्वतःच्या लसींची नोंद ठेवावी. शिकलेल्या माणसाकडून समाजाची एवढी अपेक्षा रास्तच आहे.