वापरलेला श्वसनहवेचा कॉम्प्रेसर : ओळख आणि पारख

गोव्यात ग्रँड आयलंडजवळ समुद्रात उतरणारे स्कूबा पाणबुडे असोत वा धुराने कोंदलेल्या इमारतीत शिरणारे अग्निशमन जवान, त्यांचा श्वास पाठीवरील सिलिंडरच्या हवेवर अवलंबून असतो. ही हवा २०० किंवा ३०० बार दाबाने भरणारा नवा कॉम्प्रेसर महाग पडतो; म्हणून वापरलेली यंत्रे घेतली जातात. त्यांची पारख कशी करावी, याचा येथे थोडक्यात विचार करू.

प्रथम यंत्रावरील धातूची पट्टी वाचावी. उत्पादक, मॉडेल, क्रमांक, वर्ष, कमाल दाब, मिनिटाला मिळणारी हवा व मोटारची शक्ती हा तपशील सामान्यतः तीवर असतो. पट्टी गहाळ असल्यास यंत्रावरूनच अनुमान करावे लागते. एवढ्या दाबासाठी बहुधा तीन किंवा चार टप्पे असतात. शेवटच्या टप्प्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हवरील आकडा कमाल दाब सुचवितो. परंतु व्हॉल्व्ह मागाहून बदललेला असू शकतो. म्हणून फिल्टरच्या नळकांड्यावरील अनुज्ञेय दाबाशी तो आकडा ताडून पाहावा आणि तज्ज्ञाच्या तपासणीपूर्वी यंत्र चालवू नये. तपासणीनंतर क्षमता मोजणे सोपे आहे : १० लिटरचे सिलिंडर शून्यापासून २०० बारपर्यंत भरण्यास १० मिनिटे लागली, तर सुमारे २,००० लिटर हवा भरली गेली, म्हणजे क्षमता मिनिटाला २०० लिटर.

मात्र दाब व क्षमता यांवरून हवेची शुद्धता सिद्ध होत नाही. उद्योगासाठी बनविलेले यंत्रही हाच दाब देते. त्यातील तेल व फिल्टर श्वसनयोग्य असतीलच असे नाही. इंजिनाचा धूर हवा घेण्याच्या नळीत शिरला किंवा अतितप्त यंत्रात तेल करपले, तर कार्बन मोनॉक्साइड सिलिंडरमध्ये जातो. साधा सक्रिय कोळसा तो अडवीत नाही. त्यासाठी हॉप्कॅलाइट लागते व तेही कोरड्या हवेतच नीट कार्य करते. युरोपीय मानक ईएन १२०२१ च्या २०१४ च्या आवृत्तीनुसार श्वसनहवेत कार्बन मोनॉक्साइड दशलक्षांत ५ भागांहून, कार्बन डायऑक्साइड ५०० भागांहून व तेल घनमीटरला ०.५ मिलिग्रॅमहून अधिक नसावे. हवेची अशी चाचणी झाल्याखेरीज यंत्र स्वीकारू नये.

वैद्यकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. ३० मीटर खोलीवर प्रत्येक वायूचा आंशिक दाब सुमारे चौपट होतो. तेथे ऑक्सिजनही वाढलेला असल्याने विषबाधा झाकली जाते व वर येताना उघड होते. अशा रुग्णाची डोकेदुखी, मळमळ वा भोवळ केवळ बोट लागल्याने आली असे समजू नये. नेहमीचा पल्स ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन वेगळे ओळखत नाही. त्याचा ९८ हा आकडा फसवा ठरू शकतो. शंका येताच शंभर टक्के ऑक्सिजन द्यावा, रक्ताची को-ऑक्सिमेट्री करावी आणि ते सिलिंडर तपासणीसाठी राखून ठेवावे. त्याच कॉम्प्रेसरवर भरलेली इतर सिलिंडरेही तत्काळ वापरातून काढावीत. पुढचा रुग्ण त्यामुळेच टळेल.