डावा हात आवर

निगडी

चि. बाळूस,


ताईचा फोन आला होता. टाके सुकले, स्प्लिंट निघाला, पण शर्टाची बटणं तू डाव्या हातानंच लावतोस आणि मोबाईलही डाव्यानंच चालवतोस. “जमतंय की त्याला,” म्हणाली. मला तेच खटकलं.

पत्र्याच्या धारेनं तुझ्या उजव्या मनगटातली मीडियन नर्व्ह तुटली. सर्जननं ती शिवली, म्हणजे वाट जुळवून दिली. पुढचे तंतू नव्यानं वाढतात, दिवसाला साधारण 1 मिलिमीटर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत मोजून बघ, सहा महिने सहज लागतील. चाकणच्या कारखान्यातलं टार्गेट इथं चालत नाही.

आणि पोचलेला प्रत्येक तंतू जुन्याच जागी पोचतो असंही नाही. पॅनेलमधल्या वायरी जोडल्या, पण फेरूलचे नंबर बदलले, तसं होतं. टोचेल अंगठ्याला आणि वाटेल मधल्या बोटाला. घाबरू नकोस. मेंदूला नवे नंबर पाठ व्हायचेत, एवढंच.

पण तोवर मेंदू जागा रिकामी ठेवत नाही. 1983 साली मर्झेनिच आणि कास यांनी माकडांची हीच नर्व्ह कापून पाहिली, तर मेंदूतली तिच्या वाट्याची बरीच जागा हाताच्या पाठीकडच्या त्वचेनं बळकावली. एडवर्ड टॉब यांच्या माकडांनी तर संवेदना गेलेला हात वापरणंच सोडलं. चांगला हात बांधल्यावर मात्र तोच ‘निकामी’ हात खाणं उचलू लागला. (त्या माकडांच्या हालांवरून पुढे कोर्टकज्जा झाला, तो रास्तच होता.) पॅरालिसिसच्या पेशंटना आम्ही थेरपिस्ट हाच उपचार देतो. डाव्या हाताची हुशारी सध्या तुझ्या मुळावर येतेय.

तांदळाच्या डब्यात एम-6, एम-8चे नट, वॉशर, ॲलन की टाक. डोळे मिटून उजव्यानं चाचप, काय ते बोल, मग बाहेर काढून बघ. चुकलास तर ती वस्तू बघत बघत पुन्हा बोटांत फिरव. हा बघण्याचा भाग गाळू नकोस, कारण चूक कळल्याशिवाय मेंदू काही दुरुस्त करत नाही. दहा-दहा मिनिटं, दिवसातून चार वेळा, टीव्ही बंद ठेवून. रात्री नीट झोप. दिवसा गिरवलेलं झोपेत पक्कं होतं. म्हणून कामावर गेल्यावर अलाउन्ससाठी नाईट मागून घेऊ नकोस.

मुरलीकांत पेटकर आपल्या टेल्कोत नोकरीला होते. लष्करातले बॉक्सर, 1965च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर लुळं पडलं. उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि 1972च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक आणलं. त्यांच्यावरच्या सिनेमात जिद्द दिसते. मला दिसतं ते वेगळंच: पायांचा जोर नसताना नुसत्या हातांवर अंग सरळ ठेवायचं, ही हालचाल त्या बॉक्सरच्या मेंदूनं कोऱ्या पाटीवरून शिकली. तुला तर जुनंच पुन्हा गिरवायचंय.

बोटं बधिर आहेत तोवर गरम कप, इस्त्री, नुकताच वेल्ड झालेला जॉब त्या हातानं धरू नकोस. चटका कळणारच नाही. मुठीत जोर लावायचं काम सर्जनला विचारूनच. ताईलाही बजावलंय, भात कालवून द्यायचा नाही. सांडला तर सांडू दे.

तुझी,
मावशी