तुझ्या ईएल आणि मॅडमची किमो

अगं, फोनवर सगळं नीट सांगता येत नव्हतं, म्हणून लिहायला बसले. "ताई, माझ्या खात्यावर ईएल पडून आहेत, त्यातल्या थोड्या आमच्या ऑफिसातल्या मॅडमच्या नावावर टाकता येतील का गं?" असं तू विचारलंस. शेलूबाजार ते मंगरूळपीर रोजची ये-जा, घरी लहान लेकरू, वर शेतीचा व्याप, आणि तरी तुला हे सुचलं, याचं मला फार कौतुक वाटलं.

आधी सरळ उत्तर देते. आपल्याकडे ते होत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मध्ये एकाची रजा दुसऱ्याच्या खात्यावर टाकायची सोयच नाही. 1 जानेवारीला 15 आणि 1 जुलैला 15 अशी ईएल, म्हणजे अर्जित रजा, जमा होते, ती ज्याची त्याची. 300 दिवस झाले की पुढे साठत नाही, आणि निवृत्तीच्या वेळी जास्तीत जास्त तेवढ्याच दिवसांचं रोखीकरण मिळतं. माझ्या आस्थापना टेबलावर सेवापुस्तकं येतात ना, त्यात नोकरीच्या शेवटच्या वर्षांतले कितीतरी जण 300 वर येऊन थांबलेले असतात. दर सहा महिन्यांनी त्यांची नवी रजा मिळते आणि वाया जाते. आणि त्याच कपाटातल्या दुसऱ्या सेवापुस्तकात रजेच्या पानावर शिल्लक शून्य, पुढे शेरा ‘असाधारण रजा’. म्हणजे बिनपगारी. हे बघून जीव तुटतो माझा.

तुझ्या मॅडमना किमो सुरू झालीय. कित्येकींची किमो दर 21 दिवसांनी असते. नागपूरला तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलात जायचं म्हटलं तर आता शेलूबाजारहूनच समृद्धीवर चढता येतं, रस्त्याचा त्रास कमी झालाय हे खरं. पण सलाईन घेऊन परतल्यावर पुढचे तीन-चार दिवस माणूस अंथरुणातून उठत नाही, आणि दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी उतरतात तेव्हा गर्दीत बसणंही धोक्याचं असतं. पुढे रेडिएशन लागलं तर सोमवार ते शुक्रवार रोज, काही आठवडे. म्हणजे आधी तुकड्या-तुकड्यांनी रजा लागते आणि नंतर सलग. हा हिशोब आजारी बाईने करायचा नसतो गं, तिच्या जवळच्या कुणीतरी करून द्यायचा असतो. तो तू करून दे.

सगळ्यात आधी मॅडमच्या स्वतःच्या खात्यात काय आहे ते बघ. घाबरलेला माणूस पहिल्याच महिन्यात अर्जित रजा संपवून मोकळा होतो. त्याआधी अर्धवेतनी रजेकडे बघायचं असतं. ती वर्षाला 20 दिवस साठते. बारा वर्षं नोकरी झाली असेल आणि कधी घेतली नसेल, तर 240 दिवस होतात. वैद्यकीय दाखला जोडून ती परिवर्तित करून घेतली की पूर्ण पगाराची 120 दिवसांची रजा मिळते. चार महिने झाले की नाही? त्यानंतर अर्जित. तीही संपली तर अनर्जित रजा असते, पुढे मिळणाऱ्या रजेतून वळती होणारी, अर्ध्या पगाराची. पण कामावर परत येण्याची शक्यता आहे असं डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं. शिवाय क्षय, कर्करोग, कुष्ठरोग, पक्षाघात यांच्यासाठी नियमांत वेगळी तरतूद आहे, तिच्याबद्दल आस्थापनेला लेखी विचार. तोंडी विचारलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. आणि बिनपगारीची वेळ आलीच, तर दाखल्याशिवाय एकही अर्ज जाऊ देऊ नकोस, नाहीतर वेतनवाढही पुढे जाते.

आता तू काय देऊ शकतेस? काम. त्यांच्या टेबलावरच्या फायली तुम्ही तिघी-चौघींनी वाटून घ्या आणि साहेबांकडून तसा कार्यालयीन आदेश काढून घ्या, म्हणजे त्या परतल्यावर कुणी ‘प्रलंबित’ म्हणून बोट दाखवणार नाही. किमोच्या तारखा तुमच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. पैसे गोळा करायचे असतील तर पाकीट फिरवा, पण कुणी किती दिले याची यादी करू नका. आणि बाई, त्यांचे रिपोर्ट व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका, मदतीसाठी म्हणूनसुद्धा नको. त्यांना विचारल्याशिवाय आजाराचं नाव कुणाला सांगायचं नाही.

जावईबापूंनाही सांग. खाजगी नोकरीत सहकाऱ्याला रजा मिळवून देणं जरा सोपं असतं. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या दुकाना-आस्थापनांना 2017 चा कायदा लागू होतो, त्यात पगारी रजा 45 दिवसांपर्यंत साठवता येते. दुसऱ्याला द्यायचं कलम त्यातही नाही, पण मालकाने आजारी माणसाला जास्तीची पगारी रजा द्यायला कायदा आडवा येत नाही. चार जणांनी मिळून ‘आमच्या शिलकीतले दोन-दोन दिवस कमी करा आणि त्याला द्या’ असं लिहून दिलं, तर कितीतरी मालक ऐकतील. आणि पगारातून ईएसआय कापली जात असेल तर आधी तिथे दावा करायचा. आजारपणात वर्षाला 91 दिवस पगाराच्या 70 टक्के मिळतात, कॅन्सरसारख्या आजारात मुदत वाढते आणि 80 टक्के मिळतात.

बाहेरच्या देशांत एकाची रजा दुसऱ्याला देणं झालेलं आहे, म्हणून मला आशा वाटते. फ्रान्समध्ये बादुआच्या कारखान्यातल्या एका कामगाराच्या मुलाला, मातीसला, कॅन्सर झाला. सोबत्यांनी आपल्या सुट्ट्यांतले 170 दिवस त्या बापाला दिले. 2009 च्या शेवटी पोरगं गेलं, पण शेवटचे दिवस बाप त्याच्या उशाशी होता. पुढे त्याने देशभर पाठपुरावा केला आणि 9 मे 2014 ला कायदा झाला. त्यातल्या दोन गोष्टी मला फार शहाणपणाच्या वाटतात. देणाऱ्याचं नाव गुप्त राहतं, आणि वार्षिक रजेतले पहिले 24 दिवस कुणालाच देता येत नाहीत, ते स्वतःसाठी राहतात. अमेरिकेत केंद्र सरकारच्या नोकरांना ही सोय 1988 पासून आहे, आणि तिथे आपल्या थेट वरिष्ठाला रजा देता येत नाही. कारण उघड आहे. साहेबाला ‘नाही’ कोण म्हणणार?

आपल्याकडे आपत्ती आली की एक दिवसाचा पगार मुख्यमंत्री सहाय्यता निधीला जातो, वेतन देयकातून तो वळता करायची पद्धत बसलेली आहे. 2018 मध्ये 180 दिवसांची बालसंगोपन रजा शासन निर्णयानेच मिळाली. मग 300 च्या वर वाया जाणारी रजा गंभीर आजारी सहकाऱ्याला देता यावी, हे मागायला काय हरकत आहे? सरकारने आज नवी रजा मंजूर करावी असंही नाही, मिळालेली वाया जाऊ नये एवढंच. वाया जाणाऱ्या रजेपासून सुरुवात केली, तर तुझ्यासारख्या लेकुरवाळीच्या रजेला हातही लागत नाही. तुझ्या तू जपून ठेव, तुलाही लागतील.

संघटनेच्या पुढच्या बैठकीत हा विषय तू मांड. निवेदनाचा मसुदा मी लिहून देते, सह्या तुम्ही गोळा करा. आणि ते होईल तेव्हा होईल, मॅडमचा परिवर्तित रजेचा अर्ज मात्र दाखल्यासह याच आठवड्यात जाऊ दे, आणि पोचपावती घ्यायला विसरू नकोस.